हिपॅटायटिस सी : 'रिॲक्टिव्ह' अहवालानंतरची दुसरी चाचणी आणि रक्ततपासणीची अचूकता

सूक्ष्मदर्शी (धागालेखिका)

सर्वांना नमस्कार.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. हिपॅटायटिस सीच्या तपासणीचा 'रिॲक्टिव्ह' अहवाल हातात घेऊन लोक आमच्याकडे येतात, तेव्हा आपल्या रक्तात विषाणू सापडला आहे अशीच बहुतेकांची समजूत झालेली असते. प्रत्यक्षात त्या चाचणीने विषाणू शोधलेलाच नसतो. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तेवढी तिने शोधलेली असतात. विषाणू आज रक्तात आहे की नाही हे त्याच्या आरएनएची, म्हणजे जनुकीय द्रव्याची, चाचणी केल्याशिवाय कळत नाही, आणि ही दुसरी चाचणी होण्याआधीच अनेकांचा तपास थांबतो. कोणी घाबरून गप्प बसतो, कोणाची नोकरी अडते, कोणाचे लग्न मोडते, आणि ज्याला खरोखर संसर्ग आहे त्याचे यकृत वर्षानुवर्षे बिघडत राहते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली की त्याच नमुन्यावर दुसरी चाचणी आपोआप व्हावी आणि नमुना हाताळण्याची शिस्त काटेकोर असावी, एवढ्याने या आजाराच्या निदानातल्या बहुतेक चुका टळू शकतात. त्यासाठी नव्या, महागड्या किटची वाट पाहण्याची गरज नाही.

चाचणी आजच्या रूपाला कशी आली हे थोडे सांगते, कारण तिच्या मर्यादा त्यातून समजतात. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे आल्टर यांनी दाखवून दिले की रक्त चढवल्यानंतर होणारी बरीचशी कावीळ 'ए' विषाणूची नसते आणि 'बी'चीही नसते. विषाणू मात्र सापडत नव्हता. 1989 मध्ये कायरॉन कंपनीतले मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि त्यांचे सहकारी डॅनिएल ब्रॅडली यांनी तो शोधला, आणि तोही सूक्ष्मदर्शकाखाली न पाहता, त्याच्या जनुकीय द्रव्याचा एक तुकडा वेगळा काढून. आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी. 1990 मध्ये आलेली पहिल्या पिढीची एलायझा, म्हणजे प्रतिपिंडे शोधणारी चाचणी, विषाणूच्या एकाच प्रथिनाच्या तुकड्यावर बेतलेली होती. ती रिॲक्टिव्ह यायला संसर्गानंतर सरासरी सोळा आठवडे लागत, आणि स्वप्रतिकारक यकृतदाहाच्या रुग्णांत ती वारंवार खोटी पॉझिटिव्ह येई. 1992 च्या दुसऱ्या पिढीत विषाणूच्या गाभ्याचे प्रथिन आणि एनएस3 हा भाग जोडला गेला, तिसऱ्या पिढीत एनएस5 आला, आणि हा काळ सात-आठ आठवड्यांवर आला. त्यापुढे तो फारसा कमी होऊ शकत नाही, कारण शरीर प्रतिपिंडे तयार करेपर्यंत अँटिबॉडी चाचणीला शोधण्यासारखे काही नसतेच.

दुसरी मर्यादा उलट बाजूची आहे. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण 15 ते 45 टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत औषधाविना निघून जातो. उरलेल्यांना आज बारा आठवड्यांच्या गोळ्या मिळतात आणि त्यांतले 95 टक्क्यांहून अधिक बरे होतात. या दोन्ही गटांत प्रतिपिंडे मात्र पुढे वर्षानुवर्षे, बहुधा आयुष्यभर, राहतात. त्यामुळे 'रिॲक्टिव्ह' या एका शब्दामागे आजचा संसर्ग असू शकतो, होऊन गेलेला संसर्ग असू शकतो किंवा निव्वळ खोटा निकाल असू शकतो. एलायझा यांत फरक करू शकत नाही, आणि तो दोष एलायझाचा नाही. प्रश्न पुढची पायरी गाळण्याचा आहे.

आपले अनुभव आणि शंका जरूर लिहाव्यात. रक्तपेढी, डायलिसिस, प्रयोगशाळा आणि ग्रामीण आरोग्यसेवेत काम करणाऱ्या सदस्यांनी लिहिले तर विशेष उपयोग होईल.

पायवाट

धागा फार उपयुक्त आहे. एक शंका आहे. आमच्या कुटुंबातील एकाचा अहवाल रिॲक्टिव्ह आला, तेव्हा किटच्या माहितीपत्रकात अचूकता 99 टक्के असल्याचे आम्ही वाचले आणि संसर्ग आहेच असे धरून चाललो. पुढे आरएनए चाचणीत विषाणू सापडला नाही. चाचणी 99 टक्के अचूक असेल, तर खोटा निकाल येण्याची शक्यता शंभरात एकच असायला हवी ना?

आकडेमोड

पायवाट, ही शंका डॉक्टरांनाही पडते, म्हणून आकडे मांडूनच सांगतो. मी संख्याशास्त्र शिकवतो.

समजा एका भागात दर हजारी पाच जणांना, म्हणजे 0.5 टक्के लोकांना, संसर्ग आहे आणि आपण 10,000 लोक तपासले. खरे बाधित 50. चाचणीची संवेदनशीलता, म्हणजे बाधितांना ओळखण्याची क्षमता, 99 टक्के असेल तर त्यांपैकी जवळजवळ सगळे सापडतील. उरले 9,950 निरोगी. चाचणीची विशिष्टता, म्हणजे निरोग्यांना निरोगी ठरवण्याची क्षमता, हीही 99 टक्के धरली, तरी त्यांतले सुमारे 100 जण चुकून रिॲक्टिव्ह येतील. म्हणजे एकूण 150 रिॲक्टिव्ह अहवालांत खरे 50 आणि खोटे 100. तुम्ही म्हणता तो 'शंभरात एक' निरोगी माणसांच्या शंभरातला आहे. रिॲक्टिव्ह आलेल्या शंभरांत खोटे किती, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्या वस्तीत आजार किती आहे यावर ठरते.

हीच चाचणी 5 टक्के बाधितांच्या गटात वापरली, तर 495 खरे आणि 95 खोटे असे चित्र येईल. किट तेच आणि तंत्रज्ञही तेच, पण अहवालाची विश्वासार्हता एकतृतीयांशावरून 84 टक्क्यांवर गेली.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2003 मध्ये नमूद केले होते की रक्तदात्यांसारख्या कमी जोखमीच्या गटांत रिॲक्टिव्ह निकालांपैकी सरासरी 35 टक्के खोटे निघतात, आणि हे प्रमाण वेगवेगळ्या गटांत 15 ते 60 टक्क्यांपर्यंत बदलते.

सूक्ष्मदर्शी

आकडेमोड, मनःपूर्वक आभार. याला जोडून एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती अहवालावर छापली जायला हवी आणि बहुधा छापली जात नाही.

एलायझा किंवा क्लिया (प्रतिपिंडे प्रकाशाच्या संकेतावरून मोजणारी तशीच चाचणी) यांचे यंत्र 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देत नाही. ते एक संख्या देते, म्हणजे नमुन्याचा संकेत भागिले कटऑफ, अर्थात किटने ठरवलेली सीमारेषा. हे गुणोत्तर 1 किंवा त्याहून अधिक आले की निकाल रिॲक्टिव्ह धरला जातो. पण 1.2 आणि 14 हे दोन्ही निकाल 'रिॲक्टिव्ह' या एकाच शब्दात बसवले की महत्त्वाची माहिती हरवते. गुणोत्तर उंच असेल तर प्रतिपिंडे खरोखर असण्याची शक्यता 95 टक्क्यांच्या वर जाते, आणि जेमतेम रेषा ओलांडलेल्या निकालांत खोट्यांचे प्रमाण फार मोठे असते. ही 'उंच' रेषा प्रत्येक किटसाठी वेगळी असते. काहींत ती 3.8, काहींत 5 तर काहींत 8 आहे, म्हणून एका प्रयोगशाळेचा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी थेट ताडून पाहू नये. हेही ध्यानात ठेवावे की गुणोत्तर कितीही उंच असले, तरी त्यावरून विषाणू आज आहे की नाही ते ठरत नाही.

पूर्वी मधली पायरी म्हणून रिबा नावाची पट्टी-चाचणी करत असत, जिच्यात प्रत्येक प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेषांवर दिसत. ती बाजारातून गेली. 2013 पासून अमेरिकेतील मार्गदर्शनही रिॲक्टिव्ह निकालानंतर थेट आरएनए चाचणी करावी असेच आहे.

दर्यावर्दी

मी रत्नागिरीचा. आमच्या भागातली बरीच मुले कामासाठी आखातात जातात, आणि व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीत हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी तपासली जाते. माझ्या मेहुण्यावर उपचार होऊन तो पूर्ण बरा झाला आहे. औषध संपल्यानंतर केलेल्या तपासणीत विषाणू आढळला नाही. तरीही व्हिसाच्या तपासणीत रिॲक्टिव्ह आल्यामुळे त्याला अपात्र ठरवण्यात आले. त्याने पुन्हा औषध घ्यावे का, असे तो विचारतो. अँटिबॉडी निघून जावी यासाठी काही उपाय आहे का?

सूक्ष्मदर्शी

दर्यावर्दी, त्यांनी पुन्हा औषध मुळीच घेऊ नये. गोळ्या विषाणू मारतात आणि तो त्यांच्या शरीरात आता नाही. प्रतिपिंडे घालवणारे कोणतेही औषध अस्तित्वात नाही, आणि तसा दावा करणारा काढा किंवा इंजेक्शन कोणी सुचवले तर त्यापासून दूर राहावे. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए चाचणी करतात. त्या वेळी विषाणू सापडला नाही तर रुग्ण बरा झाला असे जगभर मानले जाते. तो अहवाल, उपचार पूर्ण केल्याचे पत्र आणि शक्य असल्यास अलीकडची आरएनए तपासणी हे सर्व एकत्र जपून ठेवावे. नियम त्या देशांचे आहेत आणि आपण येथून ते बदलू शकत नाही. पण बऱ्या झालेल्या माणसाला आयुष्यभर अपात्र ठरवणारा निकष वैद्यकीयदृष्ट्या समर्थनीय नाही, हे मी स्पष्टपणे म्हणेन.

एक सूचना मात्र त्यांना जरूर द्या. या आजारात एकदा बरे झाल्याने पुढचे संरक्षण मिळत नाही. पुन्हा संसर्ग झाला तर अँटिबॉडी चाचणी निरुपयोगी ठरेल, कारण ती आधीपासूनच रिॲक्टिव्ह आहे. त्यांच्यासाठी यापुढे आरएनए हीच चाचणी.

शेवंती

माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावे लागते. ज्या पिशव्यांची एलायझा निगेटिव्ह असते, त्याच आम्हाला मिळतात. तरीही आमच्या ओळखीतल्या काही मुलांना हिपॅटायटिस सी झाला आहे. विंडो पिरियडबद्दल, म्हणजे संसर्ग होऊनही चाचणी निगेटिव्ह येण्याच्या काळाबद्दल, ऐकून आहे, पण नॅट (विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी) तपासणी केलेल्या रक्ताने नेमका किती फरक पडतो, हे कोणी नीट समजावले नाही. ज्या रक्तपेढीत अनेक पिशव्यांचे नमुने एकत्र करून नॅट करतात, तिथली तपासणी कमी विश्वासाची मानावी का?

कृष्णाकाठ

शेवंतीताई, मी रक्तसंक्रमण विभागात काम करतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण आपल्या मुलांना आयुष्यभरात शेकडो दात्यांचे रक्त मिळते आणि प्रत्येक पिशवीमागे राहणारी लहानशी जोखीम त्यांच्या बाबतीत साठत जाते.

संसर्ग झाल्यानंतर पहिले काही दिवस विषाणू कोणत्याही चाचणीत सापडत नाही. त्यानंतर रक्तातले त्याचे प्रमाण अतिशय झपाट्याने वाढते, साधारण अकरा तासांत दुप्पट होत जाते, आणि लवकरच एका मिलिलिटरमध्ये लाखो एककांवर पोहोचते. या उंचीवर तो कित्येक आठवडे असतो, पण प्रतिपिंडे अजून तयार झालेली नसल्यामुळे एलायझा निगेटिव्ह येते. दाता स्वतः ठणठणीत असतो आणि त्याला कशाची कल्पनाही नसते. हे आठवडे सर्वांत धोक्याचे. नॅट थेट आरएनए शोधत असल्याने हा काळ दोन महिन्यांवरून साधारण आठवड्याभरावर येतो.

आता एकत्रित नमुन्यांविषयी. सोळा दात्यांचे नमुने एकत्र केले, तर बाधित नमुना सोळा पटींनी पातळ होतो हे खरे. पण सोळा पट म्हणजे चार वेळा दुप्पट, आणि अकरा तासांच्या हिशेबाने ते सुमारे चव्वेचाळीस तास होतात. एकत्रित तपासणीमुळे हिपॅटायटिस सीच्या बाबतीत आपण साधारण दोन दिवस गमावतो, तर नॅट मुळीच न केल्याने सहा-सात आठवडे. त्यामुळे एकत्रित नॅट झालेले रक्त तुम्ही नाकारू नये. हे गणित हिपॅटायटिस बीला लागू होत नाही. त्याचा विषाणू खूप सावकाश वाढतो, आणि तिथे प्रत्येक पिशवीची स्वतंत्र नॅट करण्याचा फायदा मोठा आहे. म्हणून सर्व बाजूंनी विचार केला तर थॅलेसेमियाच्या मुलांसाठी, जेथे मिळत असेल तेथे, स्वतंत्र नॅट झालेले रक्त मागावे.

आपल्या देशात प्रत्येक पिशवीवर हिपॅटायटिस सीची तपासणी बंधनकारक आहे, पण नॅट सर्व रक्तपेढ्यांना सक्तीची नाही. गणेशोत्सवात आणि जयंत्यांच्या निमित्ताने आपल्याकडे मोठी शिबिरे होतात, एका दिवसात शेकडो पिशव्या जमतात आणि सगळ्यांची तपासणी लगेच उरकायची असते. अशा वेळी शिबिरापूर्वीची प्रश्नावली दात्यांनी मनापासून भरणे ही अचूकतेची पहिली पायरी आहे. अलीकडे गोंदवून घेतले असेल, नशेची सुई वापरली असेल किंवा घरात कोणाला कावीळ झाली असेल, तर ते न लपवता सांगावे. मंडळाच्या कार्यकर्त्यांसमोर हे बोलणे अवघड जाते, म्हणून दात्याशी आडोशाला, एकट्याने बोलण्याची सोय शिबिरात असलीच पाहिजे.

मुलीची स्वतःची तपासणीही नियमित होत राहावी, आणि ती अँटिबॉडीपुरती मर्यादित नसावी.

रातराणी

मी डायलिसिस विभागात परिचारिका आहे. आमच्याकडच्या काही रुग्णांत प्रतिपिंडे तयारच होत नाहीत, कारण त्यांची प्रतिकारशक्ती क्षीण असते. त्यामुळे अँटिबॉडी निगेटिव्ह असूनही विषाणू असलेला रुग्ण सर्वसाधारण यंत्रावर घेतला जाण्याचा धोका राहतो. केडिगो या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2018 च्या मार्गदर्शनात डायलिसिस सुरू करताना आणि नंतर दर सहा महिन्यांनी तपासणी, तसेच दर महिन्याला एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे विकर (एन्झाइम), पाहण्याची शिफारस आहे. एएलटी विनाकारण वाढले की आम्ही आरएनए चाचणीचा आग्रह धरतो.

एक बारीक पण महत्त्वाची बाब : आरएनएचा नमुना डायलिसिस सुरू होण्यापूर्वी घ्यावा. सुरू झाल्यावर रक्तात हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध, जाते. ते पीसीआरच्या, म्हणजे जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवून विषाणू शोधणाऱ्या तंत्राच्या, विकरांना अडथळा करते, आणि शिवाय डायलिसिसदरम्यान विषाणूचे प्रमाणही तात्पुरते घटते. सोयीसाठी मध्येच नळीतून रक्त काढले, तर विषाणू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो.

एचआयव्ही बाधित आणि प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांनाही प्रतिपिंडांविषयीचे हेच लागू आहे.

टेस्टट्यूब

रातराणीताईंनी नमुन्याचा विषय काढला, म्हणून तंत्रज्ञ या नात्याने लिहितो. वाचक यंत्रांविषयी विचारतात, पण माझ्या मते निम्मी अचूकता नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ठरते.

आरएनए हा अतिशय नाजूक रेणू आहे. रक्तपेशींतून बाहेर पडणारी विकरे त्याचे तुकडे करतात. म्हणून ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतल्यावर ते किटच्या पत्रकात दिलेल्या वेळेत सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा काढावा लागतो. तालुक्याच्या संकलन केंद्रात सकाळी घेतलेले रक्त संध्याकाळपर्यंत टेबलावर पडून राहिले आणि रात्रीच्या गाडीने शहरात गेले, तर अल्प प्रमाणातला विषाणू निसटू शकतो. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपॅरिन असते, ती या कामाला चालत नाही. नमुना गोठवून पुन्हा पुन्हा वितळवल्यासही नुकसान होते. प्रयोगशाळेपासून लांब असलेल्या गावांसाठी कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब हा एक पर्याय आहे. तो टपालानेही पाठवता येतो, मात्र थेंबात रक्त कमी असल्यामुळे फार अल्प विषाणू त्यात सुटू शकतो.

पीसीआरमध्ये उलट धोका दूषित होण्याचा असतो. ही चाचणी एका रेणूच्या कोट्यवधी प्रती करते, आणि त्या प्रती खोलीत पसरल्या तर पुढच्या निरोगी नमुन्यातही विषाणू 'सापडतो'. यासाठी रसायने तयार करण्याची, नमुन्यातून आरएनए काढण्याची आणि प्रती वाढवण्याची जागा वेगवेगळी असावी लागते, आणि माणसाने व साहित्याने एकाच दिशेने जावे लागते. प्रत्येक फेरीत निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे विषाणू नसलेला नमुना, हवा, आणि प्रत्येक नमुन्यात चाचणी चालली की नाही ते दाखवणारा अंतर्गत कंट्रोल हवा. अंतर्गत कंट्रोल चालला नसेल, तर 'विषाणू आढळला नाही' असे न लिहिता 'चाचणी अवैध' असे लिहून नवा नमुना मागवावा.

कार्ड टेस्टबद्दल, म्हणजे अँटिबॉडीच्या झटपट चाचणीबद्दल : ती बोटाच्या थेंबावर होते, स्वस्त आहे आणि नीट केली तर चांगली आहे. पण निकाल वाचण्याची वेळ पत्रकात दिलेली असते आणि तीच पाळायची असते. गर्दीत कार्ड बाजूला ठेवून तासाभराने पाहिले, तर वाळताना उमटलेली फिकट रेघ दिसते आणि निरोगी माणूस रिॲक्टिव्ह ठरतो. घाईने लवकर वाचले, तर खरी रेघ उमटलेलीच नसते. मंद उजेडात वाचणे, कालबाह्य किट, उन्हात तापलेले खोके ही कारणेही नित्याची आहेत.

आणि नळीवरचे नाव. रक्त घेतल्यानंतर, रुग्णासमोरच आणि त्याच्याकडून नाव वदवून घेऊन चिठ्ठी लावावी. नमुन्यांची अदलाबदल झाली, तर जगातले सर्वोत्तम यंत्रही दुसऱ्याचाच निकाल अचूकपणे देईल.

गावकूस

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी ग्रामीण भागात सार्वजनिक आरोग्याचे काम केले आहे, आणि धागालेखिकांच्या मुद्द्याशी सहमत असूनही थोडा वेगळा आग्रह मांडतो. येथे अचूकतेची चर्चा प्रयोगशाळेच्या बाजूने होत आहे. शहरातल्या उत्कृष्ट यंत्राची संवेदनशीलता एका मिलिलिटरमध्ये 15 एकके इतका अल्प विषाणू पकडण्याइतकी असेल, पण त्या यंत्रापर्यंत निम्मे रुग्ण पोहोचलेच नाहीत, तर त्या वस्तीपुरती ती चाचणी निम्मीच संवेदनशील आहे असे मी मानतो.

उपचार न घेतलेल्या रुग्णांत विषाणूचे प्रमाण बहुधा लाखांच्या घरात असते. युरोपातील यकृततज्ज्ञांच्या संघटनेनेही निदानासाठी 1,000 एककांपर्यंत शोधू शकणारी स्वस्त चाचणी स्वीकारार्ह मानली आहे. म्हणून जेथे पीसीआर नाही, तेथे विषाणूच्या गाभ्याच्या प्रथिनाची चाचणी, म्हणजे कोअर अँटिजेन, वापरावी असे मला वाटते. ती एलायझाच्याच धर्तीच्या यंत्रावर होते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोअर अँटिजेन चाचणीची संवेदनशीलता सुमारे 93 टक्के आणि विशिष्टता 98 टक्क्यांहून अधिक आढळली आहे.

याशिवाय आता बोटाच्या थेंबावर साधारण तासाभरात आरएनए सांगणारी जीनएक्सपर्टची चाचणी आहे. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट बॅटरीवर चालते, क्षयरोगासाठी ते अनेक प्राथमिक केंद्रांत आधीच पोहोचले आहे, आणि त्यावर हिपॅटायटिस सीची चिपही चालते. यंत्र जागेवर असताना केवळ चिप मागवली नाही म्हणून रुग्णाला शंभर किलोमीटर पाठवणे मला अन्यायाचे वाटते.

इजिप्तचे उदाहरण पाहा. 1950 ते 1980 च्या दशकांत तेथे सरकारी मोहिमेत शिस्टोसोमियासिस या कृमिरोगावर इंजेक्शने दिली गेली. सुया नीट निर्जंतुक न केल्यामुळे हिपॅटायटिस सी देशभर पसरला. त्याच देशाने ऑक्टोबर 2018 ते एप्रिल 2019 या सात महिन्यांत सुमारे 5 कोटी लोकांची तपासणी केली. पहिली चाचणी बोटाच्या थेंबावरची, रिॲक्टिव्ह आल्यास मोफत पीसीआर, आणि विषाणू सापडल्यास मोफत औषध. पीसीआर झालेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांत विषाणू सापडला. याचा अर्थ उरलेल्या एक चतुर्थांशांना केवळ पहिल्या चाचणीवरून औषध दिले असते, तर ते औषध वाया गेले असते. इजिप्तने काही अद्भुत नवे किट वापरले नाही. दुसरी पायरी कोणाची चुकू नये अशी व्यवस्था उभी केली.

सूक्ष्मदर्शी

गावकूस, आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि माझे म्हणणे त्यामुळे अधिक नेमके झाले. फक्त कोअर अँटिजेनबाबत एक सावधगिरी सुचवते : तो निगेटिव्ह आला आणि अँटिबॉडीचे गुणोत्तर उंच असेल, तर आरएनए केल्याशिवाय रुग्णाला निश्चिंत करू नये. त्या उरलेल्या सात टक्क्यांत खरी माणसे असतात. डायलिसिसच्या रुग्णांत तर मी थेट आरएनएच सुचवीन.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2023 मध्ये केलेली सुधारणाही याच दिशेची आहे. रिॲक्टिव्ह नमुन्यावर आरएनए चाचणी प्रयोगशाळेनेच आपोआप करावी, रुग्णाला पुन्हा बोलावू नये, आणि केवळ अँटिबॉडीवर थांबलेली तपासणी अपुरी मानावी, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात आरएनए चाचणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. खासगी प्रयोगशाळेत रिॲक्टिव्ह आलेल्या माणसाला ही माहिती अहवालाच्या तळाशी दोन ओळींत छापून देणे अवघड नाही.

पायवाट

दोन लहान शंका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतल्यास चाचणी चुकते असे वाचले, ते खरे आहे का? आणि आई बाधित असेल तर बाळाची तपासणी केव्हा करावी?

सूक्ष्मदर्शी

बायोटिनचा मोठा डोस काही विशिष्ट प्रकारच्या चाचण्यांत अडथळा आणू शकतो, सर्व नाही. रक्त देताना अशी गोळी चालू असल्याचे सांगावे, म्हणजे प्रयोगशाळा आपल्या किटचे पत्रक पाहून किती काळ थांबायचे ते सांगेल.

बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे त्याआधी केलेली अँटिबॉडी चाचणी आईचाच निकाल दाखवते. बाधित मातांच्या साधारण शंभरांत पाच-सहा बाळांनाच संसर्ग होतो. ताज्या मार्गदर्शनानुसार दोन ते सहा महिन्यांच्या वयात एकदा आरएनए चाचणी करावी. रिॲक्टिव्ह अँटिबॉडी पाहून तान्ह्या बाळाला बाधित ठरवल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत, म्हणून हे ठासून सांगते.

रातराणी

सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीही एक ओळ असावी. त्याच दिवशीची अँटिबॉडी केवळ आधीची स्थिती सांगते. नवा संसर्ग पाहण्यासाठी तीन ते सहा आठवड्यांनी आरएनए आणि चार ते सहा महिन्यांनी पुन्हा अँटिबॉडी करावी.

टेस्टट्यूब

धागालेखिकाताई, आमच्या प्रयोगशाळेत अहवालाचा नमुना बदलण्याचा विचार चालू आहे. त्यात नेमके काय छापावे असे आपल्याला वाटते?

सूक्ष्मदर्शी

किटचे नाव आणि पिढी, कटऑफशी गुणोत्तर, आणि त्या किटसाठी 'उंच' मानली जाणारी रेषा. त्याखाली स्पष्ट मराठीत एवढेच : 'ही चाचणी प्रतिपिंडांची आहे. सध्या संसर्ग आहे की नाही हे एचसीव्ही आरएनए चाचणीनेच ठरते.' त्याच नमुन्यावर आरएनए केली असल्यास तिचा निकाल याच पानावर यावा, आणि केली नसल्यास ती मोफत कोठे होते तो पत्ता. नॉन-रिॲक्टिव्ह अहवालावरही एक ओळ हवी, की गेल्या दोन-तीन महिन्यांत सुई, रक्त किंवा गोंदण यांचा संबंध आला असेल, तर आरएनए करून घ्यावी किंवा काही काळाने पुन्हा तपासावे. तुमचा मसुदा तयार झाला की येथे द्या, कृष्णाकाठ आणि गावकूस यांनीही तो पाहावा.